विंटर गार्ड की इनडोअर ड्रमलाइन? हायस्कूलच्या उंबरठ्यावरच्या मुलांच्या आईबाबांसाठी

इथे अमेरिकेत फुटबॉलचा सीझन संपत आला की मराठी मंडळातल्या कुणा ना कुणाचा फोन येतोच. मूल हायस्कूलच्या मार्चिंग बँडमध्ये असतं आणि हिवाळ्यासाठी दोन फॉर्म घरी आलेले असतात, एक विंटर गार्डचा (झेंडे, रायफली फिरवत नाचणारा संघ), दुसरा इनडोअर ड्रमलाइनचा (ड्रम वाजवणारा संघ). ऑडिशन जेमतेम दोन-तीन आठवड्यांवर. माझी मुलगी चार वर्षं गार्डमध्ये होती, धाकटा तीन वर्षं ड्रमलाइनमध्ये आहे. त्या जोरावर हे लिहिते आहे.

दोन्हींची मोठी स्पर्धा एकाच संस्थेची. विंटर गार्ड इंटरनॅशनल १९७७ मध्ये सुरू झाली, पर्कशनची, म्हणजे तालवाद्यांची, स्पर्धा तिच्यात १९९३ मध्ये आली. बास्केटबॉलच्या कोर्टवर रंगवलेलं भलंमोठं विनाइल अंथरायचं (त्याला सगळे ‘फ्लोअर’च म्हणतात), काही मिनिटांत पूर्ण शो करायचा आणि ठरलेल्या वेळेच्या आत फ्लोअर गुंडाळून बाहेर पडायचं. शाळांचे संघ स्कोलॅस्टिक गटात, बाहेरचे इंडिपेंडंट गटात, आणि प्रत्येकात ए, ओपन, वर्ल्ड अशा चढत्या पायऱ्या. फेब्रुवारीपासून आपापल्या भागातल्या स्पर्धा, एप्रिलमध्ये ओहायोतल्या डेटनला शेवटची. पुण्यातलं ढोल-ताशा पथक पाहिलेल्यांना चटकन कळेल असं सांगायचं तर पुढे नाचणारे ध्वज म्हणजे गार्ड आणि मागचे ढोल-ताशे म्हणजे ड्रमलाइन. इथे हिवाळ्यात दोघांची वाट वेगळी होते.

गार्ड रेकॉर्ड केलेल्या संगीतावर चालतं. झेंडा, लाकडी रायफल, सेबर म्हणजे बोथट धारेची तलवार, आणि या सगळ्याच्या मुळाशी नृत्य. परीक्षक साधनांवरची हुकमत, शरीराची हालचाल, शोची रचना आणि एकूण परिणाम यांचे वेगवेगळे गुण देतात. ड्रमलाइनला रेकॉर्डचा आधार नसतो, संगीत तिचं तिलाच वाजवायचं असतं. स्नेअर, टेनर आणि बास हे ड्रम अंगावर घेऊन चालणारी बॅटरी, आणि पुढे एका जागी उभा राहून मारिंबा, व्हायब्राफोन ही पट्ट्यांची वाद्यं आणि सिंथ वाजवणारा फ्रंट एन्सेम्बल, म्हणजे ‘पिट’.

फोनवर बहुतेक जण विचारतात, ‘सोपं कुठलं?’ मी उलटं विचारते, तुमचं मूल चुकल्यावर काय करतं?

गार्डमधली चूक अख्ख्या जिमला दिसते. रायफल वर जाते, हवेत पाच वळसे घेते आणि तळहातावर येऊन बसते तेव्हा ‘थप्’ असा भरीव आवाज होतो. काही महिन्यांनी आईच्या कानांना तो ओळखता येतो. सुटली, तर लाकूड फ्लोअरवर आपटतं आणि संगीत काही थांबत नाही. ती उचलायची, चेहरा ढळू द्यायचा नाही आणि पुढच्या काउंटला ओळीत हजर व्हायचं. पहिल्या वर्षी एका शोमध्ये माझ्या मुलीच्या हातून ती दोनदा पडली. जिममध्ये तिने डोळ्यांतून पाणी काढलं नाही, गाडीचं दार लावल्यावर मात्र घरी येईपर्यंत रडली. दुसऱ्या दिवशी सकाळी ड्राइव्हवेवर ‘थप्, थप्’ सुरू झालं होतं.

ड्रमलाइनमधली चूक प्रेक्षकांना बहुधा कळतही नाही. कळते ती शेजारी उभ्या असलेल्याला, इन्स्ट्रक्टरला आणि परीक्षकाला. सगळे स्नेअर मिळून एकच स्नेअर वाजतोय असं वाटेपर्यंत ते ‘क्लीन’ होत नाही. त्यासाठी काठी किती इंच उचलायची हेसुद्धा ठरलेलं असतं. ‘एट ऑन अ हँड’ हा अगदी बाळबोध व्यायाम, प्रत्येक हाताने आठ ठोके. इन्स्ट्रक्टर तो ओळीतल्या एकेकाकडून वाजवून घेतात आणि कुणाचा डावा हात लेचापेचा आहे ते सगळ्यांसमोर उघडं पडतं. हे रोजचं. माझ्या धाकट्याला हे मानवतं, कारण चूक लगेच कळते, लगेच दुरुस्त होते आणि शेजारचा मित्रही तेच भोगत असतो. मुलीला त्या एकाच आठ ठोक्यांत आठवडाभर राहायला सांगितलं असतं तर ती कोमेजली असती. क्वचित घडणारी पण सगळ्यांना दिसणारी चूक सोसायची, की रोजची, बारीक, ओळीतल्या ओळीत राहणारी? माझ्या मते निर्णय बराचसा इथेच होतो.

प्रवेशाचं बोलायचं तर कोऱ्या पाटीच्या मुलाला गार्ड जास्त मोकळं असतं. झेंड्याचे ‘ड्रॉप स्पिन’ पहिल्या दिवसापासून शिकवतात. भरतनाट्यम किंवा कथक केलेल्या मुलींना काउंट आणि चेहऱ्यावरचा भाव आयता मिळतो, फक्त जमिनीत रोवलेलं वजन सोडून उचलल्यासारखं चालायला वेळ लागतो. बॅटरीत शिरायला नोटेशन वाचता यायला हवं आणि रुडिमेंट, म्हणजे ड्रमचे मूळ बोल, हातात हवेत. प्रमाण मानलेले ४० आहेत, निदान पॅराडिडल आणि फ्लॅम तरी पक्के करून जा. तबला शिकलेली मुलं लयीला पक्की असतात, पण काठी धरणं त्यांना नव्याने शिकावं लागतं. ताशा वाजवलेल्यांना काठी उसळू देण्याची सवय असते, ती उपयोगी पडते. आणि पियानोला जाणाऱ्या मुलांच्या आईबाबांना माझं कळकळीचं सांगणं, पिटचा विचार करा. मारिंबाच्या पट्ट्यांची मांडणी पियानोसारखीच असते आणि चांगले वाचणारे हात तिथे नेहमी हवे असतात.

शरीराची काळजी दोन्हीकडे वेगळी. गार्डमध्ये बोटं मुरगळतात, दंडावर निळे डाग पडतात. बॅटरीत पाठ सांभाळायची, कारण कॅरिअरसकट (ड्रम अंगावर अडकवायची चौकट) स्नेअर वीस पौंडांच्या आसपास भरतो आणि टेनर त्याहून जड असतात. त्याहीपेक्षा कान. कामाच्या ठिकाणच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या ‘एनआयओएसएच’ या अमेरिकी सरकारी संस्थेच्या निकषानुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसात आठ तास चालतो, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. बंद जिममध्ये ड्रमलाइन तिथे सहज पोचते. धाकट्याच्या पहिल्या सरावाला इयरप्लगचं कुणी नावही काढलं नव्हतं, रात्री त्याच्या कानात शिट्टी वाजत होती. इयरप्लग पहिल्या दिवशीच बॅगेत टाका.

वेळ आणि पैशांत फारसा फरक नाही. आठवड्यातल्या दोन-तीन संध्याकाळी आणि अख्खा शनिवार जातो, मंडळाचा गुढीपाडवा हमखास बुडतो. शाळेच्या संघाची फी झेपण्यासारखी असते, इंडिपेंडंटचा आकडा हजारो डॉलरांत जातो. डेटनला गार्ड आणि पर्कशनचे वीकेंड वेगळे असतात, त्यामुळे दोन मुलं दोन्हीकडे असतील तर दोन फेऱ्या धरून चला.

मुलग्याला गार्डमध्ये घालायला बाबा कचरतात, हे मी अनेक घरांत पाहिलंय. कृपा करून त्याला अडवू नका. मुलीच्या संघात दोन मुलगे होते, रायफलचा सर्वांत उंच टॉस त्यातल्याच एकाचा असायचा, आणि ती वर गेली की आम्ही सगळ्या आया श्वास रोखून बघायचो.

मूल अजून आठवीत असेल तर घाई नको. इंडियानातल्या एव्हन आणि कार्मेल हायस्कूलचे गार्ड, मॅसॅच्युसेट्सच्या डार्टमथ हायस्कूलची ड्रमलाइन, यांचे व्हिडिओ एकत्र बसून बघा. मग फेब्रुवारी-मार्चमध्ये जवळच्या एखाद्या स्पर्धेला त्याला घेऊन जा आणि तासभर आधी पोचा. ड्रमलाइनचा वॉर्म-अप बहुधा बाहेर पार्किंगमध्येच चालू असतो. तिथे दहा मिनिटं उभे राहा, मग आत जाऊन गार्ड बघा. परत येताना गाडीत तुम्ही काही विचारू नका, ते आपणहून कशाबद्दल बोलतं ते ऐका.