कुंभार्ली घाट : आखणीला पैकीच्या पैकी, देखभालीला काठावर पास

गुहागरहून निघून चिपळूण, पाटण, कराड करत विजापूरला जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग १६६ ई चा खरा कस कुंभार्ली घाटात लागतो. उत्तरेला पोलादपूरचा आंबेनळी घाट आणि दक्षिणेला साखरप्याचा आंबा घाट, यांच्या मधल्या टापूतल्या आम्हा लोकांची घाटमाथ्याशी ये-जा मुख्यतः इथूनच चालते. म्हणून दर्शनीय स्थळ म्हणून नव्हे, तर रोजच्या वापरातला रस्ता म्हणून त्याचे मोल करायला हवे.

आखणीबद्दल माझी तक्रार नाही. पोफळी मागे पडली की सह्याद्रीची उभी भिंत समोर येते आणि सगळी चढण वळणावळणांनी थोडक्या अंतरात उरकते; माथ्यापलीकडे हेळवाकला मात्र दक्षिणेकडे वाहत आलेली कोयना पूर्वेला वळते आणि तिच्याच खोऱ्यातून रस्ता फारसे कष्ट न देता, तिच्या सोबतीने कराडला पोहोचतो, जिथे ती कृष्णेला मिळते. (याच कोयनेचे धरणात अडवलेले पाणी डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून पोफळीच्या वीजगृहात उतरते आणि पुढे वाशिष्ठीत जाते, गाडीला जे वळसे घालावे लागतात ते पाण्याला चुकले आहेत.)

देखभाल मात्र आखणीच्या तोडीची नाही. गेल्या आषाढात रात्री उतरताना धुके इतके दाट होते की बॉनेटपलीकडे काही दिसेना, आणि ज्या कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावर भिस्त ठेवावी तो बऱ्याच ठिकाणी पुसलेला होता. एका वळणावर कठडा तुटलेल्या जागी नुसती दोन पिंपे उभी केलेली होती. खड्डे बुजवले होते, पण सुट्या खडीने. पुढची दुचाकी तिच्यावरून घसरता घसरता वाचली. त्याच वळणावर चिऱ्यांनी भरलेला एक ट्रक पहिल्या गियरवर कण्हत चढत होता आणि त्याचा क्लीनर, हातात दगड घेऊन, गाडी थांबलीच तर मागच्या चाकाला लावता यावा म्हणून पावसात बाजूने चालत होता. चढणाऱ्याला वाट द्यायची हा घाटाचा रिवाज सगळ्यांनी पाळला, म्हणून कोंडी झाली नाही.

हिवाळ्यात हा रस्ता मी कोणालाही निःशंकपणे सुचवीन. पावसाळ्यात कराडहून निघताना अंधारापूर्वी पोफळी गाठता येईल असा हिशेब करावा, आणि उतरताना ब्रेकवर विसंबण्यापेक्षा गाडी खालच्या गियरमध्येच ठेवावी.