डेबियन की मिंट? जुन्या लॅपटॉपवर पहिल्यांदाच लिनक्स टाकणाऱ्यांसाठी

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तेव्हापासून पुण्यात ओळखीतलं कोणी ना कोणी विचारतंच, जुन्या लॅपटॉपवर लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टीम, टाकू का आणि टाकायचं तर कुठलं. डेबियन आणि मिंट हे लिनक्सचेच दोन प्रकार. डेबियन १९९३ पासून जगभरातले स्वयंसेवक बनवतायत, मागे कंपनी नाही. मिंट २००६ चं, छोट्या टीमचं, पाया उबुंटू या तिसऱ्या लिनक्सचा आणि उबुंटूचा पाया परत डेबियनच. म्हणजे एकदा बसलं की दोन्ही मस्त चालतात, फरक पडतो तो पहिल्या संध्याकाळी, आणि लोक वैतागून सोडून देतात तेही तेव्हाच.

डेबियनच्या साइटवरचं डाउनलोडचं बटण दाबलं की नेटइन्स्टची फाईल येते, एक जीबीच्या आतली, आणि वाटतं चला, पटकन झालं. पण डेस्कटॉप वगैरे बाकी सगळं इन्स्टॉल चालू असताना नेटवरून येतं, म्हणजे तेवढा वेळ वायफायही टिकलं पाहिजे आणि लाईटही, त्यामुळे लॅपटॉपची बॅटरी गेलेली असेल तर गुरुवारी, पुण्यात दुरुस्तीसाठी लाईट जाते त्या दिवशी, हे काम काढूच नका. मिंटची फाईल तीन जीबीच्या आसपास, उतरायला वेळ खाते, पण पेनड्राइव्हवर गेली की नेट नसलं तरी इन्स्टॉल पूर्ण होतं. आणि डेबियनच्या फाईलच्या नावात एएमडी६४ दिसलं म्हणून इंटेलवाल्यांनी घाबरू नका, ती तुमचीच आहे.

वायफायचं दुखणं डेबियनमध्ये जुनं. २०२३ च्या जूनमध्ये डेबियन १२ आलं तेव्हापासून फर्मवेअर, म्हणजे वायफाय कार्डासारखे भाग चालायला लागणाऱ्या छोट्या फाइली, इन्स्टॉलरमध्येच येतं, त्याआधी ते वेगळं शोधून द्यावं लागायचं, त्यामुळे जुने व्हिडिओ बघून करायला जाऊ नका. तरी काही ब्रॉडकॉम कार्डं अडतातच, तेव्हा फोन यूएसबीने जोडून टेदरिंग करा, म्हणजे फोनचं नेट लॅपटॉपला द्या. मिंटमध्ये पेनड्राइव्हवरूनच अख्खी सिस्टीम चालू होते, डिस्कला हात न लावता वायफाय, आवाज, टचपॅड सगळं तपासता येतं. डेबियनचीही लाइव्ह फाईल आहे, पण ती वेगळी शोधावी लागते.

डेबियनमधली मला सगळ्यात खटकणारी जागा म्हणजे रूटच्या, सगळे अधिकार असलेल्या मुख्य खात्याच्या, पासवर्डची स्क्रीन. समोर रकाना आहे म्हणून माणूस पासवर्ड भरतो, आणि मग इन्स्टॉल झाल्यावर सुडो, म्हणजे आपल्या खात्यातून रूटचे अधिकार वापरायची कमांड, चालतच नाही, कारण रूटला पासवर्ड दिला की तुमच्या युजरला सुडोचे अधिकार मिळत नाहीत. रकाना रिकामा सोडला की मिळतात. स्क्रीनवर लिहिलेलं असतं हो, पण नवखा माणूस एवढा मजकूर वाचत नाही. मिंटमध्ये हा प्रश्नच येत नाही.

मिंटच्या बाजूने सगळंच गोड नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये त्यांची साइट हॅक होऊन डाउनलोडची लिंक बदलली होती, लोकांनी भेसळ केलेली आयएसओ, म्हणजे इन्स्टॉलची फाईल, उतरवली. म्हणून कुठलंही घ्या, चेकसम, म्हणजे फाईल मूळचीच आहे का ते सांगणारा साइटवरचा आकडा, जुळवून बघा, अर्धवट उतरलेली फाईलही त्यात पकडली जाते.

घरात दुसरा कॉम्प्युटर नसेल किंवा आईबाबांसाठी टाकत असाल तर सरळ मिंट घ्या. वाचत वाचत शिकायची आवड असेल आणि नंतर वर्षानुवर्षं हात लावायचा नसेल तर डेबियन, आणि दोन्हीचं मिश्रण हवं तर एलएमडीई, म्हणजे थेट डेबियनवर उभं केलेलं मिंट. पेनड्राइव्ह ८ जीबीचा पुरतो, पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत सहज मिळेल, बिननावाचा तेवढा घेऊ नका. विंडोजही ठेवायचं असेल तर बिटलॉकरची, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या सोयीची, रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घ्या.