पावसाळी पायवाटांसाठी जाळीदार बूट
गोव्यातील फोंड्याच्या बाजारातून घेतलेले हे जाळीदार कापडाचे, खोल खाचांच्या रबरी तळव्याचे बूट नेत्रावळी अभयारण्यातील सावरी धबधब्याच्या वाटेवर आणि तांबडी सुर्ला येथील कदंबकालीन महादेव मंदिराच्या परिसरात भर पावसात वापरून पाहिले. ओल्या जांभ्या दगडावर त्यांची पकड चांगली आहे. ओढ्यातील शेवाळलेल्या धोंड्यांवर मात्र ते घसरतात आणि तिथे काठीच कामी येते. ओहोळ ओलांडताना आत शिरलेले पाणी जाळीतून लगेच निथळते, हा त्यांचा खरा गुण होय, कारण आपल्याकडच्या पावसात पाणी अडवणारे बूट वरून भरतात आणि मग दिवसभर जड राहतात. जळवांसाठी लांब मोजे हवेतच. टाचेजवळची शिवण लवकर उसवली. ती पक्की असायला हवी होती.