विंडोज ११ ने नाकारलेल्या लॅपटॉपवर विंडोजचे खेळ: लिनक्स मिंट आणि प्रोटॉन वापरून आलेला अनुभव

आमच्या घरचा लॅपटॉप २०१७ सालचा असला तरी अजून धडधाकट आहे. सातव्या पिढीचा इंटेल आय-५ प्रोसेसर, ८ जीबी रॅम, एनव्हिडियाचे जीटीएक्स १०५० हे ४ जीबीचे ग्राफिक्स कार्ड आणि मागाहून बसवलेली एसएसडी, एवढ्या सामग्रीवर घरातली सगळी कामे विनातक्रार होतात. तरीही विंडोज ११ ने त्याला दारातूनच परत पाठवले, कारण मायक्रोसॉफ्टच्या यादीत इंटेलचे प्रोसेसर, मोजके अपवाद सोडले तर, आठव्या पिढीपासून सुरू होतात. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि ज्या दुकानात मी लॅपटॉप दाखवायला नेला तिथे तो भंगारात देऊन नवा घेण्याचा सल्ला मिळाला. तो मला पटला नाही. चालते यंत्र केवळ एका यादीत बसत नाही म्हणून टाकून देणे हे पैशाच्या आणि कचऱ्याच्या दोन्ही हिशेबांनी चूक आहे, असे माझे ठाम मत आहे.

विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत कार्यप्रणाली बसवायचे ठरले तेव्हा मुलीचा पहिला प्रश्न होता, "बाबा, मग राजीचं काय?" तिचा प्रश्न रास्त होता. 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' हा पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या स्टुडिओने तयार केलेला खेळ आहे. २०१७ मध्ये किकस्टार्टरवर त्यासाठी लोकांकडून निधी उभारण्याचा प्रयत्न झाला, तो अपुरा पडला, तरी मंडळींनी हात टेकले नाहीत आणि २०२० मध्ये खेळ पूर्ण करून बाजारात आणला. त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या विभागात त्याला नामांकनही मिळाले. इतक्या जवळच्या गावात घडलेला हा खेळ संगणकावर मात्र फक्त विंडोजसाठीच मिळतो. त्यामुळे आमच्या दृष्टीने लिनक्सची खरी परीक्षा राजीच होती.

प्रोटॉनकडे, म्हणजे विंडोजचे खेळ लिनक्सवर चालवणाऱ्या साधनाकडे, वळण्याआधी इतर वाटाही तपासून पाहिल्या. रुफससारख्या साधनाने तपासणी चुकवून विंडोज ११ जुन्या यंत्रावर बसवता येते, परंतु अशा यंत्राला पुढची अद्यतने मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि ज्या लॅपटॉपवर मी बँकेचे व्यवहार करतो त्यावर हा धोका पत्करण्याची माझी तयारी नव्हती. व्हर्च्युअलबॉक्समध्ये आभासी विंडोज चालवले तर ग्राफिक्स कार्डाची खरी ताकद त्या आतल्या विंडोजपर्यंत पोहोचत नाही, म्हणून पत्त्यांचा डाव चालतो पण त्रिमितीय खेळ अडतो. क्लाउड गेमिंगमध्ये खेळ दुसरीकडच्या सर्व्हरवर चालतो आणि आपल्याकडे फक्त चित्र येते, त्यामुळे लॅपटॉप किती जुना आहे याने फरक पडत नाही. मात्र संध्याकाळी साऱ्या इमारतीचे वाय-फाय एकदम चालू झाले की बटण दाबणे आणि पडद्यावर हालचाल दिसणे यांत जाणवण्याइतके अंतर पडते, आणि मारामारीच्या खेळात एवढे अंतरही सगळा रस घालवते.

प्रोटॉन म्हणजे व्हॉल्व्ह कंपनीने ऑगस्ट २०१८ मध्ये स्टीम या आपल्या खेळांच्या ऑनलाइन दुकानात आणलेली मोफत सोय. तिचा पाया आहे वाइन. १९९३ मध्ये सुरू झालेल्या या मुक्त प्रकल्पाची धुरा १९९४ पासून अलेक्झांडर ज्युलियार वाहत आहेत, आणि त्याची १.० ही आवृत्ती यायला २००८ साल उजाडले. पंधरा वर्षे लागण्याचे कारण कामाच्या स्वरूपातच आहे. वाइन दुसरा संगणक उभा करत नाही. विंडोजचा प्रोग्रॅम जी जी कामे विंडोजला सांगतो, ती प्रत्येक स्वतः शिकून घेऊन लिनक्सकडून करवून घेते, म्हणजे दुभाष्याचे काम करते. खेळांच्या बाबतीत खरी गाठ होती ती डायरेक्ट-थ्री-डी या चित्र रेखाटण्याच्या भाषेची. ती व्हल्कन या सर्वांना खुल्या भाषेत बदलणारा डीएक्सव्हीके हा प्रकल्प फिलिप रेबोले यांनी सुरू केला, आणि प्रोटॉनने तो पोटात घेतल्यावर ज्या खेळांसाठी पूर्वी रात्र रात्र जागून जुळवाजुळव करावी लागे, ते एका क्लिकवर सुरू होऊ लागले. डायरेक्ट-थ्री-डी हा डायरेक्टएक्सचाच भाग; डीएक्सव्हीके डायरेक्टएक्स ११ पर्यंतच्या खेळांसाठी आहे, तर डायरेक्टएक्स १२ साठी व्हीकेडी-थ्री-डी-प्रोटॉन हा वेगळा अनुवादक आहे. या दोन अनुवादकांतला फरक जुन्या लॅपटॉपवर फार महत्त्वाचा ठरतो, त्याबद्दल पुढे लिहितोच.

स्टीम मी मिंटवर व्हॉल्व्हच्या अधिकृत डेब पॅकेजमधून (इन्स्टॉल करण्याच्या फाइलीतून) बसवले. खेळाच्या नावावर उजवी क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मधल्या 'कंपॅटिबिलिटी' या भागात प्रोटॉनची आवृत्ती निवडता येते, आणि एरवी याहून अधिक काही करावे लागत नाही. प्रोटॉन प्रत्येक खेळासाठी स्वतंत्र खोटी सी ड्राइव्ह तयार करते. उत्सुकतेपोटी मी स्टीमच्या 'कॉम्पॅटडेटा' या फोल्डरमध्ये शिरून पाहिले, तर तिथे आकड्यांच्या नावांची फोल्डरे, त्यांच्या आत 'ड्राइव्ह सी', त्यात 'प्रोग्रॅम फाइल्स', 'विंडोज', आणि 'युझर्स'मध्ये 'स्टीमयुझर' नावाचा एकुलता एक रहिवासी. खेळाला वाटते की आपण विंडोजच्या घरात आहोत, आणि ते घर एका फोल्डरात मावते. याचा व्यवहारातला फायदा असा की एखादा खेळ बिघडला तर त्याचे ते एक फोल्डर काढून टाकले की पाटी कोरी होते, बाकीच्या खेळांना धक्का लागत नाही. फोल्डर काढण्यापूर्वी खेळातली प्रगती स्टीम क्लाउडवर साठवली जाते आहे ना, एवढे मात्र पाहून घ्यावे.

पहिल्याच दिवशी मी तोंडघशी पडलो, आणि चूक माझी होती. विंडोजच्या काळातले डिस्कचे एक पार्टिशन एनटीएफएस या विंडोजच्या साठवण-पद्धतीचे होते. त्यावर खेळ आधीच उतरवलेले असल्याने तीच जागा स्टीमला दाखवली. 'प्ले' दाबले की बटण क्षणभर 'स्टॉप' होई आणि पुन्हा 'प्ले'वर येई, ना सूचना ना चुकीचा संदेश. दोन तास शोधल्यावर कारण कळले. प्रोटॉनला त्या खोट्या सी ड्राइव्हसाठी अपूर्णविराम (:) असलेल्या नावाच्या फाइली तयार कराव्या लागतात, आणि विंडोजच्या नियमांनुसार फाइलीच्या नावात ते चिन्ह चालत नाही. पार्टिशन लिनक्सच्या एक्स्ट-फोर पद्धतीचे करून खेळ पुन्हा उतरवले आणि अडचण मिटली. विंडोजकडून लिनक्सकडे येणाऱ्या बहुतेकांना आपले जुने डाउनलोड वाचवण्याचा मोह होतो. तो त्यांनी पहिल्याच पायरीवर सोडून द्यावा.

दुसरी अडचण ग्राफिक्स कार्डाची होती. अशा लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स असतात, एक प्रोसेसरमधलेच इंटेलचे आणि दुसरे एनव्हिडियाचे. मिंटच्या 'ड्रायव्हर मॅनेजर'मधून एनव्हिडियाचा ड्रायव्हर बसवला तरी राजी पहिल्यांदा सुरू झाला तो इंटेलच्या बळावर, आणि पडद्यावर पात्र चालण्याऐवजी एकेका चित्रातून दुसऱ्या चित्रात सरकत असल्यासारखे दिसत होते. खालच्या पट्टीतल्या एनव्हिडियाच्या चिन्हावर क्लिक करून 'परफॉर्मन्स मोड' निवडला, लॉग आउट करून परत आलो, आणि तोच खेळ पाण्यासारखा वाहू लागला. या पद्धतीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून खेळून झाल्यावर मी परत पहिल्या पद्धतीवर येतो.

आता प्रत्यक्ष खेळांविषयी. पूर्ण एचडी पडद्यावर, चित्रांचा दर्जा मध्यम ठेवून, राजी सुरुवातीपासून शेवटपर्यंत आम्ही खेळलो. खेळ प्रथम उघडताना स्टीम 'व्हल्कन शेडर्स', म्हणजे ग्राफिक्स कार्डाला चित्र रंगवण्यासाठी लागणारे छोटे प्रोग्रॅम, तयार करत काही मिनिटे घालवते. ती थांबू द्यावीत, घाईने ती पायरी ओलांडली तर तोच वेळ खेळाच्या मधोमध झटक्यांच्या रूपाने द्यावा लागतो. भावाला राक्षसांच्या तावडीतून सोडवायला निघालेली ही डोंबारी कसरतीत वाढलेली मुलगी भिंतीवरून धावते, खांबाला धरून गिरकी घेत शत्रूला लोळवते. शाळेत मल्लखांब करणाऱ्या माझ्या मुलीने ती गिरकी पाहून पाय कुठे असायला हवा होता हे मला उठून दाखवले. राजस्थानी वास्तुकलेच्या धर्तीवरचे ते महाल, सावल्यांच्या बाहुल्यांनी सांगितलेली कथा, दुर्गा आणि विष्णू यांचा संवाद, यांतले काहीही अनुवादात हरवले नाही. आवाज, कंट्रोलर, प्रगतीची साठवण, सारे जागच्या जागी होते. विंडोजवर आम्ही हाच खेळ अर्धा खेळलो होतो, आणि स्टीम क्लाउडमुळे तो जिथे सोडला होता तिथूनच पुढे सुरू झाला, तेव्हा मुलीचा जीव भांड्यात पडला.

'द विचर ३' हा बराच जड खेळ. डिसेंबर २०२२ च्या मोठ्या अद्यतनानंतर तो सुरू करताना डायरेक्टएक्स ११ की १२ अशी निवड समोर येते, आणि इथेच दोन अनुवादकांतला फरक कामी येतो. १२ निवडल्यावर आमच्या ४ जीबीच्या कार्डाची दमछाक झाली आणि शहरात शिरताच खेळ गोठू लागला. ११ निवडल्यावर दर्जा थोडा उतरवून तो व्यवस्थित खेळता आला. जुन्या कार्डाच्या मालकांनी जिथे ही निवड उपलब्ध असेल तिथे ११ च निवडावे. 'एज ऑफ एम्पायर्स २: डेफिनिटिव्ह एडिशन' बद्दल लिहिण्यासारखे विशेष काही नाही, कारण तो निमूटपणे चालला.

एका खेळात कथाचित्रफितीच्या जागी जुन्या दूरदर्शनवर प्रक्षेपण बंद असताना दिसत तशा रंगीत उभ्या पट्ट्या आल्या. व्हिडिओचे काही प्रकार व्हॉल्व्हला परवान्यांमुळे थेट देता येत नाहीत, त्याचा हा परिणाम. त्यावर जीई-प्रोटॉन ही ग्लोरियस एगरोल या टोपणनावाने काम करणाऱ्या विकासकाची आवृत्ती आहे. प्रोटॉनअप-क्यूटी या छोट्या प्रोग्रॅममधून ती बसवली आणि पट्ट्यांच्या जागी चित्रफीत दिसू लागली. तरी सुरुवात नेहमी व्हॉल्व्हच्या मूळ आवृत्तीनेच करावी, असे मी सुचवेन.

जिथे प्रोटॉन चालत नाही, तिथे अजिबात चालत नाही. स्पर्धेच्या ऑनलाइन खेळांत फसवणूक पकडणारे जे प्रोग्रॅम असतात, त्यांपैकी काही विंडोजच्या थेट गाभ्यात बसतात, आणि लिनक्सवर तो गाभाच नसल्याने दुभाष्याचाही इलाज उरत नाही. 'व्हॅलोरंट' त्यामुळे चालत नाही, 'फोर्टनाइट' चालत नाही. बॅटलआय आणि ईझी अँटी-चीट या दोन प्रसिद्ध पद्धती प्रोटॉनला २०२१ पासून पाठिंबा देतात, मात्र तो चालू करायचा की नाही हे प्रत्येक खेळाच्या कंपनीच्या हाती असते. सप्टेंबर २०२४ मध्ये बॅटलआय आल्यावर 'जीटीए ऑनलाइन' लिनक्सवर बंद झाला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर 'एपेक्स लेजेंड्स' हा आधी नीट चालत असलेला खेळ कंपनीने स्वतःहून लिनक्सवर अडवला. पैसे मोजून घेतलेला आणि चालता खेळ असा हातातून जावा, हे ग्राहकावर अन्याय करणारे आहे असे मला वाटते. माझा भाचा व्हॅलोरंटसाठीच लॅपटॉप वापरतो. त्याने माझ्याकडे मिंट बसवून मागितले तेव्हा मी त्याला स्पष्ट नकार दिला.

म्हणून खेळ विकत घेण्याआधी प्रोटॉनडीबी या संकेतस्थळावर त्याचे नाव शोधावे. तिथे वापरणाऱ्यांच्या अनुभवांवरून प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर, ब्राँझ असे दर्जे दिलेले असतात. नुसता दर्जा पाहून न थांबता आपल्यासारख्याच कार्डाच्या माणसाने काय लिहिले आहे ते वाचावे, कारण नव्या कार्डावरचा प्लॅटिनम जुन्या कार्डावर टिकेलच असे नाही. दुसरा आधार स्टीमच्या परतीच्या नियमाचा. खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात, आणि आपल्या यंत्रावर खेळ चालतो की नाही हे कळायला दोन तास पुरेसे असतात. एपिक आणि गॉग या दुकानांतले खेळ हिरोइक नावाच्या मोफत लाँचरमधून याच तंत्राने चालतात, फक्त तिथे आवृत्ती निवडणे आणि छोट्यामोठ्या दुरुस्त्या करणे आपल्याला स्वतः करावे लागते. एपिक नियमितपणे मोफत खेळ देते, त्यामुळे विद्यार्थ्यांना हा खटाटोप नक्की परवडेल.

आमच्यापेक्षा जुन्या यंत्रांची गोष्ट निराळी आहे. डीएक्सव्हीकेच्या २.० पासूनच्या आवृत्त्यांना व्हल्कन १.३ लागते. केप्लर पिढीची एनव्हिडिया कार्डे, म्हणजे बहुतेक जीटीएक्स ६०० आणि ७०० मालिका, तिथवर पोहोचत नाहीत, आणि त्यांच्या मालकांना जुन्या आवृत्त्यांवर जुने खेळ खेळण्यापुरतेच समाधान मानावे लागेल. आमच्या १०५० ची पास्कल पिढी अजून या रेषेच्या अलीकडे आहे, पण एनव्हिडियाने तिच्यासाठी ५८० ही ड्रायव्हरची शेवटची शाखा असल्याचे जाहीर केले आहे. त्यामुळे 'ड्रायव्हर मॅनेजर'मध्ये त्याहून नवा आकडा दिसला तरी मी तो निवडत नाही. ५८० वर राजी दुसऱ्यांदा सुरू झाला आहे, आणि या वेळी कंट्रोलर पूर्णपणे मुलीच्या हातात आहे.