बुटाची लेस आणि 1,45,800 रुपये

आकडा आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढे लाज वाटून गाळायला नको. असेसमेंट 3,500. पहिलं पॅकेज 58,000. घरी वापरायचं 'सेन्सरी किट' 14,500. दुसरं पॅकेज 58,000. 'लिसनिंग थेरपी'चे हेडफोन 11,800. एकूण 1,45,800 रुपये. ऑगस्ट 2024 ते जानेवारी 2025 या सहा महिन्यांत मुलाच्या थेरपीसाठी हे पैसे मी स्वतःच्या हाताने दिले. बंदूक कुणी लावली नव्हती.

माझा मुलगा तेव्हा चार वर्षांचा होता. ऑटिझमचं निदान होऊन दोन महिने झाले होते. त्या दोन महिन्यांत आईबापाचं काय होतं ते ज्यांनी भोगलंय त्यांना सांगायला नको. जो तो म्हणतो, लवकर सुरू करा, आता गेलेला वेळ परत मिळत नाही. सरकारी हॉस्पिटलच्या ओटी, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं स्वतः करायला शिकवणारी थेरपी), विभागात चार महिन्यांचं वेटिंग. आणि इथे घरापासून पंधरा मिनिटांवर एक सेंटर, बाहेर मोठा बोर्ड, त्यावर 'ऑक्युपेशनल थेरपिस्ट', आणि मॅडम म्हणाल्या, उद्यापासून या. तुम्ही असता तर काय केलं असतं?

मला लोक विचारतात, तू शिकलेली ना? हो, शिकलेली. पतसंस्थेत आठ वर्षं कर्जाच्या फायली तपासते. जामीनदाराची सही थोडी वेगळी वाटली तरी मी फाईल परत पाठवते. पण मुलाच्या बाबतीत मी कागद बघत नव्हते, समोरच्या बाईचा चेहरा बघत होते. ती म्हणाली, "मम्मी, टेन्शन घेऊ नका, 90 दिवसांत फरक दिसणार म्हणजे दिसणार." निदानानंतर 'दिसणार' हा शब्द पहिल्यांदा कुणी उच्चारला होता.

आता कळतं की त्याच वाक्यावर मी उठून यायला हवं होतं. खरा थेरपिस्ट खात्री देत नाही. ऑटिझममध्ये अमुक दिवसांत अमुक होईल असं कुणीच सांगू शकत नाही, आणि पैसे घेताना तसं सांगणं हा या पेशात सरळसरळ अनैतिक प्रकार आहे.

भिंतीवर काचेच्या फ्रेममध्ये सरकारी शिक्क्यासारखं दिसणारं प्रमाणपत्र होतं. मी लांबून बघितलं आणि समाधान मानलं. ते शॉप ॲक्टचं होतं. दुकान किंवा आस्थापना सुरू केल्याची ऑनलाइन सूचना दिली की मिळते ती पावती. 2017 च्या कायद्याप्रमाणे तेव्हा दहापेक्षा कमी कामगार असतील तर तेवढी सूचनाच पुरायची. त्या कागदाने किराणा दुकान चालतं, सलून चालतं. मुलांवर उपचार करण्याची पात्रता त्यातून सिद्ध होत नाही. भिंतीवरचा प्रत्येक कागद जवळ जाऊन वाचा. लाजू नका, फोटो काढा.

रिसेप्शनवर पहिला प्रश्न होता, "कोणत्या डॉक्टरांनी पाठवलं?" ते नाव एका वहीत वेगळ्या रकान्यात लिहिलं गेलं. रुग्ण पाठवण्याबद्दल कमिशन घेणं डॉक्टरांना 2002 च्या आचारसंहितेने बंद केलेलं आहे. इथे काही देणं-घेणं होतं असा पुरावा माझ्याकडे नाही, म्हणून यापुढे काही लिहीत नाही. पण तो रकाना माझ्या डोळ्यासमोरून जात नाही.

सेशन 45 मिनिटांचं ठरलेलं. महिन्याभरात ते 30 वर आलं, पुढे 25 वर. आत जायला बंदी. "मम्मी दिसली की मूल काम करत नाही." पडद्याबाहेर आम्ही सात-आठ जणी बाकावर बसायचो. आतून रडण्याचा आवाज यायचा आणि प्रत्येक जण मनात म्हणायची, माझा नसेल. घरी काय करून घ्यायचं असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "घरी तुम्ही काही करू नका, बिघडेल." या एका वाक्यावरूनही ओळखता आलं असतं. ओटी म्हणजे मुलाचं रोजचं जगणं. जेवणं, बटण लावणं, दात घासणं, खेळणं, आवाज आणि स्पर्श सहन करणं. हे घरी करायचं नसेल तर मग करायचं कुठे?

आता त्या दिवसाबद्दल. 9 डिसेंबर 2024, सोमवार. 72 सेशन संपले होते. मॅडमनी प्रोग्रेस रिपोर्ट हातात दिला. स्पायरल बाइंडिंग, रंगीत आलेख, सगळे खांब वर चढलेले. मी तो परतीच्या रिक्षात उघडला. तिसऱ्या पानावर लिहिलं होतं, 'बुटाची लेस स्वतंत्रपणे बांधू लागला आहे.' मी खाली बघितलं. मुलाचे पाय माझ्या मांडीवर होते. पायात वेल्क्रोचे बूट. आमच्या घरात त्याच्या मापाचा लेसचा बूट आजपर्यंत आलेलाच नाही.

मी ते वाक्य दोनदा वाचलं. आणि मग मी स्वतःची समजूत घातली. म्हटलं, तिथे सरावासाठी लाकडी बूट असेल, त्यावर शिकवलं असेल. घरी नवऱ्याला दाखवलं. ते म्हणाले, विचार तरी. मी म्हटलं, एवढ्या चांगल्या रिपोर्टवर शंका कशाला? सासूबाईंनी तर देवापुढे साखर ठेवली. चौथ्या दिवशी, 13 डिसेंबरला, मी दुसऱ्या पॅकेजचे 58,000 भरले. त्याच दिवशी हेडफोनचे 11,800.

ते चार दिवस मी अजून विसरू शकत नाही. पुरावा माझ्या मांडीवर होता. मला तो खोटा असल्याचं कळलंच नाही असं नाही. मला तो खरा असायला हवा होता. जामीनदाराच्या सहीची अक्षरं तपासणारी मी, तीन पानं धड वाचली नाहीत.

उघडकीला आलं तेही माझ्या हुशारीने नाही. मुलाचा निरामय योजनेचा विमा आहे. थेरपीची बिलं जोडून क्लेम केला, तो जानेवारीत परत आला. शेरा होता, थेरपिस्टचा नोंदणी क्रमांक नाही. मी मॅडमना मागितला. त्या म्हणाल्या, "मम्मी, आरसीआय नंबर आहे ना," आणि तो लगेच पाठवला. शेवटी सरकारी हॉस्पिटलमध्ये आमचा नंबर लागला तेव्हा तिथल्या थेरपिस्टना मी तो दाखवला. त्यांनी एका मिनिटात सांगितलं. भारतीय पुनर्वास परिषद, म्हणजे आरसीआय, 1992 च्या कायद्याने विशेष शिक्षक, स्पीच थेरपिस्ट वगैरेंची नोंद ठेवते. ऑक्युपेशनल थेरपिस्ट त्या यादीत येतच नाहीत. महाराष्ट्रात ओटींची नोंदणी राज्याच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे होते, 2002 च्या कायद्याखाली. मॅडमचा नंबर खरा होता, पण तो विशेष शिक्षणाच्या डिप्लोमाचा. ओटीची पदवी त्यांच्याकडे नव्हती. परिषदेच्या नोंदीतही त्यांचं नाव सापडलं नाही.

म्हणून सांगते, नंबर खरा आहे एवढ्यावर थांबू नका. तो कोणत्या परिषदेचा आणि कोणत्या पात्रतेचा ते विचारा. विशेष शिक्षक वाईट असतात असं मी अजिबात म्हणत नाही, उत्तम असतात. पण त्यांनी स्वतःला ओटी म्हणवायचं नाही. 'सेन्सरी इंटिग्रेशन सर्टिफाइड' म्हणजे काय तेही विचारा. आवाज, स्पर्श वगैरे मुलाला नीट हाताळता यावेत यासाठीची ही पद्धत उभी केली जीन आयर्स यांनी, त्या स्वतः ऑक्युपेशनल थेरपिस्ट होत्या, आणि ती मूळ पदवीनंतर वेगळं शिकून वापरायची असते. आमच्या मॅडमचं सर्टिफिकेट दोन दिवसांच्या ऑनलाइन कार्यशाळेचं होतं.

किटमधलं वजनाचं जॅकेट अडीच किलोचं होतं. माझ्या मुलाचं वजन 16 किलो. तो घालताना रडायचा तर मला सांगितलं होतं, सवय होईल. सरकारी हॉस्पिटलातल्या बाईंनी ते हातात घेऊन बघितलं आणि बाजूला ठेवलं. म्हणाल्या, याच्या उपयोगाचा पुरावा मुळातच कमकुवत आहे, आणि मुलाचं वजनही न बघता हे कुणी दिलं? मी मान खाली घातली. तो सहा आठवडे रडला होता, आणि ते जॅकेट त्याला मी घालत होते.

त्याच बाईंनी पहिल्या भेटीत चाळीस मिनिटं फक्त प्रश्न विचारले. उठतो कधी, कोणत्या चमच्याने खातो, आंघोळ कोण घालतं, कशाला घाबरतो. मग मला विचारलं, तीन महिन्यांनी त्याला काय करता यावं असं तुम्हाला वाटतं? आणि कागदावर लिहिलं, 'पाचपैकी तीन वेळा शर्टाची मोठी बटणं स्वतः लावेल.' असं ध्येय मोजता येतं. झालं की नाही ते मलाही कळतं. आधीच्या असेसमेंटचे 3,500 घेऊन मला मिळालं होतं, 'सेन्सरी इश्यूज मॉडरेट'.

मग पैसे परत मागितले. दुसऱ्या पॅकेजमधले 19 सेशन झाले होते, 53 बाकी. हिशोबाने 42,694 रुपये होतात. त्या म्हणाल्या, पॅकेज नॉन-रिफंडेबल, पावतीच्या मागे लिहिलंय. खरंच लिहिलं होतं, मुंगीएवढ्या अक्षरात.

पोलीस ठाण्यात चार वेळा गेले. पहिल्यांदा साहेब नाहीत. दुसऱ्यांदा, "हा दिवाणी मामला आहे, ताई." तिसऱ्यांदा, "सेशन तर दिले ना त्यांनी?" मी म्हटलं, दिले, पण पदवी नसताना ओटी म्हणून दिले. भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम 318 मी छापून नेलं होतं. त्यांनी ते वाचलं नाही. चौथ्यांदा अर्ज घेतला, पोच द्यायला नकार दिला, आणि हवालदार म्हणाले, "मुलगा तसाही पूर्ण बरा होणार नव्हता ना? मग फसवणूक कसली?"

हे वाक्य मी घरी कुणाला सांगितलं नाही. इथे लिहितेय. माझा मुलगा बरा होण्याचा प्रश्नच नाही, तो आजारी नाही. त्याला बटण लावता यावं म्हणून मी पैसे भरले होते.

महापालिकेच्या आरोग्य विभागात गेले. तिथे सांगितलं, नर्सिंग होम कायद्यात बसत नाही, बेड नाहीत. मग कशात बसतं? "शॉप ॲक्टवाल्यांना विचारा." शॉप ॲक्टवाले म्हणाले, आम्ही फक्त सूचना घेतो, पात्रता तपासत नाही. म्हणजे राज्यात कायदा आहे, परिषद आहे, 2021 चा केंद्राचा आरोग्य व्यावसायिकांचा कायदा आहे, आणि तरी एक बाई भर रस्त्यावर बोर्ड लावून चार वर्षांच्या मुलांवर प्रयोग करते तेव्हा दार ठोठावायला एकही खिडकी नाही. मी तीन कार्यालयांत सुट्टी टाकून गेले. पाच रजा खर्च झाल्या. प्रत्येक ठिकाणी मलाच विचारलं, तुम्ही आधी का नाही बघितलं? माझं चुकलं, मान्य. पण बघणं हे फक्त माझंच काम आहे का?

पोलिसांनी पोच दिली नाही तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने वरिष्ठांना पाठवा, पावती जपा. मी तेच केलं. ग्राहक आयोगात तक्रार केली, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची असते. सल्ल्यासाठी 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन नंबर आहे. रोख देऊ नका. मी पहिले 58,000 रोख दिले होते, 'जीएसटी वाचेल' म्हणून, आणि त्याची साधी कच्ची पावती आता आयोगापुढे सिद्ध करत बसले आहे. एकदम पॅकेज भरू नका, महिन्याचे द्या. आत बसू देत नसतील तर निदान काचेतून बघू द्या म्हणा. तेही नाही म्हणाले तर निघा.

बाकावरच्या ओळखीच्या दोघींना मी हे सगळं कळवलं. एक चिडली, मॅडम देवमाणूस आहेत म्हणाली. आठवड्याने तिचाच फोन आला. तिने तिच्या मुलीचा रिपोर्ट काढून बघितला होता. तिसऱ्या पानावर तेच वाक्य, 'बुटाची लेस स्वतंत्रपणे बांधू लागला आहे.' मुलगी असून 'लागला'. दुसरीच्या मुलाच्या रिपोर्टमध्येही तेच, शब्द न् शब्द.

तिन्ही रिपोर्ट तक्रारीला जोडले आहेत. बोर्डावरचं 'ऑक्युपेशनल थेरपिस्ट' गेल्या महिन्यात पुसलं गेलं, त्या जागी 'चाइल्ड डेव्हलपमेंट एक्स्पर्ट' आलंय. बाकावर मात्र अजून गर्दी असते. तुमच्या घरात असा स्पायरल रिपोर्ट असेल तर आज तिसरं पान उघडा.