जत्रेतले पाळणे : अंगानं भारी माणसानं कशात बसावं?

बहिरमची जत्रा असो की मार्कंड्याची, पाळणेवाल्यांचा संच साधारण तोच असतो: आकाशपाळणा, गरगर फिरणाऱ्या वाट्यांचा ब्रेक डान्स, पुढं-मागं झुलणारी कोलंबस नावाची होडी आणि रुळावर धावणारा ड्रॅगन. तिकीट देणारा फार तर वजनाचा अंदाज घेतो. खरा प्रश्न पोटाचा न् मांडीचा आहे. उंच, सडसडीत माणूस ९५ किलोचा असला तरी त्याच्या मांडीवर सीटचा अडवायचा दांडा नीट बसतो. ८० किलोच्या, पोट सुटलेल्या माणसाला तोच दांडा पोटावर अडतो. पोटावर टेकलेला दांडा घट्ट वाटतो खरा, पण पोट दबतं, आत जातं, आणि चढावरून खाली येताना अंग उचललं की तेवढीच फट पडते.

सगळ्यात बरा आकाशपाळणा. दांडा अंगावर दाबायचा नसतो, डब्याचं दार आणि साखळी लागली की झालं. भारी माणसानं मधोमध बसावं, म्हणजे डबा कलत नाही. समोरासमोरचे डबे सारख्या वजनाचे भरणारा ऑपरेटर जाणकार समजावा. दाराच्या कडीत पिनेऐवजी तार पिळलेली दिसली तर सरळ उतरावं.

ब्रेक डान्सची वाटी मोठ्यांना पुरते. मात्र फिरताना माणसं एका बाजूला रेटली जातात, म्हणून भारी माणसाशेजारी लहान पोर नको.

कोलंबसवर आमचा राग आहे. एका ओळीत तीन-चार माणसं आणि सगळ्यांना मिळून एकच दांडा. तो सगळ्यात जाड माणसाच्या मांडीवर अडतो. टोकाला बसलेल्या दहा वर्षांच्या पोराच्या मांडीवर वीतभर पोकळी राहते. नाव वर जाऊन पोटात गोळा येतो, नेमकं तेव्हाच पोराचं बूड सीटवरून सुटतं. यात चूक भारी माणसाची नाही, ओळ लावणाऱ्याची आहे. सारख्या अंगाची माणसं एका ओळीत बसवायला एक मिनिट लागतं.

ड्रॅगनची सीट दोन पोरांच्या मापाची असते. जाड माणसानं एकट्यानं बसावं. गुडघे पुढच्या पत्र्याला टेकत असतील तर दांडा मांडीवर न येता गुडघ्यावर येतो. तसं असेल तर नकोच.

तपासायची पद्धत सगळीकडे एकच. बूड पार मागे न्यावं. खिशातला मोबाइल, चुन्याची डबी काढावी. दांडा ज्या दात्यांत अडकत खाली येतो, त्यातला एक दाता एवढ्यानंही वर राहतो. ओढणी, उपरणं आत खोचावं. पट्टा असेल तर तो पोटाखालून, कंबरेच्या हाडांवर यावा. दांडा खाली घेताना दात्यांचा कट-कट आवाज यायला हवा, मग दोन्ही हातांनी वर ओढून पाहावा. दाता दोन खाचांच्या मध्ये राहिला तर हिसक्यासरशी दांडा मागच्या खाचेपर्यंत ढिला होतो. दात्यांत रंगाचे थर चढलेले असतील किंवा स्प्रिंग मेलेली असेल तर हे हमखास घडतं.

हेल्परनं पोटावर गुडघा देऊन दांडा दाबला तर लगेच नकार द्यावा. ऑर्लंडोत २०२२ साली उंच मनोऱ्यावरून सुटणाऱ्या पाळण्यातून चौदा वर्षांचा मुलगा पडून मेला. सीटची मर्यादा १३० किलो, त्याचं वजन त्याहून बरंच जास्त. आणि त्या सीटचा सेन्सर असा सरकवलेला होता की खांद्यावरचा दांडा पुरता खाली आलेला नसतानाही पाळणा सुरू झाला. कंबरेला पट्टा नव्हताच.

परदेशातल्या मोठ्या पार्कांत बऱ्याच रोलर कोस्टरच्या दाराशी नमुन्याची सीट ठेवलेली असते. बसून पाहायचं, मगच रांगेत लागायचं. आपल्या जत्रांत तशी सोय नसते, पण पाळणा थांबलेला असताना "दादा, जरा बसून पाहू द्या" म्हटलं तर बहुतेक जण नाही म्हणत नाहीत. हे तिकीट काढायच्या आधी करावं, आणि हंडीचं मटण न् रोडगे पाळण्यानंतर.