लाल कोळ्यावर परभक्षी कोळी: जरबेऱ्याच्या पॉलिहाऊसमधील वापरानंतरचा अनुभव

वाई तालुक्यात आमचे दहा गुंठ्यांचे पॉलिहाऊस असून त्यात जरबेरा आहे. लाल कोळ्याच्या नियंत्रणासाठी हिवाळा सरता सरता आम्ही तेथे निओसियुलस लाँजिस्पायनोसस हा परभक्षी, म्हणजे किडीला खाऊन जगणारा, कोळी सोडला आणि पाऊस लागेपर्यंत, म्हणजे किडीचा खरा जोर असतो त्या सगळ्या काळात, त्याच्यावरच भिस्त ठेवली. माझे मत आधीच सांगतो: हा उपाय उत्तम आहे, परंतु फवारणीच्या जागी वापरायचे औषध म्हणून त्याच्याकडे पाहणाऱ्याने तो घेऊ नये. येथे आपण एक जिवंत वस्ती सांभाळत असतो आणि तिच्या सोयीने पॉलिहाऊसचे सारे वेळापत्रक बदलावे लागते.

या वाटेला वळण्याचे कारण साधे होते. लाल कोळी हा कीटक नव्हे. तो आठ पायांचा, जेमतेम अर्धा मिलिमीटर लांबीचा जीव पानाच्या मागील बाजूस जाळी करून रस शोषतो. तीस अंशांच्या आसपास तापमान असले की अंड्यापासून प्रौढापर्यंतची वाढ आठ-दहा दिवसांत पूर्ण होते आणि एक मादी सुमारे शंभर अंडी घालते. इतक्या वेगाने पिढ्या बदलत असल्याने कोळीनाशकांना तो लवकर दाद देईनासा होतो. त्यातच फुलकिड्यांसाठी सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशक फवारले, की लाल कोळ्याचे नैसर्गिक शत्रू मरतात आणि तो उलट अधिक भडकतो.

आम्हाला परभक्षी कोळी घेवड्याच्या पानांवर मिळाले. ही पाने कडक उन्हात प्रवास करून आली तर उपयोग नाही, म्हणून ती सकाळी ताब्यात घेऊन त्याच संध्याकाळी झाडांवर ठेवली. साधारणपणे दहा ते वीस किडींमागे एक परभक्षी हे प्रमाण धरतात. आम्ही ते सर्वत्र सारखे न पसरता, जेथे पानांवर पांढुरके ठिपके दिसू लागले होते त्या बेडवर दाट आणि इतरत्र विरळ सोडले. सोडणी किडीची संख्या कमी असतानाच केली पाहिजे. झाडावर जाळ्यांचे पडदे लोंबू लागल्यावर हे मित्र आणले, तर त्यांची वाढ होईपर्यंत फूल हातचे गेलेले असते.

सुरुवातीचे काही दिवस डोळ्यांना काहीच फरक दिसत नाही आणि नेमका येथेच पुष्कळांचा धीर सुटतो. ठिपके पडलेले पान पुन्हा हिरवे होत नसल्याने जुन्या पानांवरून निष्कर्ष काढणे चुकीचे आहे. नवे पान स्वच्छ निघते का, ते पाहावे. दहापट भिंग मात्र हवेच. किडीची अंडी मण्यासारखी गोल असतात, तर परभक्ष्याची लांबट. तो स्वतः नारिंगी छटेचा, चकचकीत आणि किडीपेक्षा कितीतरी चपळ असतो. ज्या बेडवर लांबट अंडी दिसू लागली, त्या बेडची पुढे आम्हाला काळजी करावी लागली नाही.

खरी परीक्षा एप्रिलमध्ये झाली. पश्चिमेकडील पडद्यालगत ऊन आणि कोरडा वारा थेट येतो. तेथे परभक्ष्याची संख्या घटली आणि कोळी पुन्हा वाढला. हवा फार कोरडी झाली की परभक्ष्याची अंडी सुकतात, किडीला मात्र तीच हवा मानवते. त्या पट्ट्यात दुपारी फॉगर (धुक्यासारखे बारीक पाणी उडवणारी यंत्रणा) थोडा थोडा वेळ चालवला, बाहेरच्या धुळीच्या वाटेवर पाणी मारले, जाळी लागलेली पाने काढून पिशवीत बंद केली आणि पुन्हा सोडणी केली, तेव्हा तो भाग आटोक्यात आला. फॉगरचा अतिरेक केल्यास फुलावर करपा आणि बुरशी येते, त्यामुळे संध्याकाळपूर्वी पाने कोरडी होतील एवढेच पाणी द्यावे.

सर्वांत अवघड भाग इतर रोगकिडींचा आहे. भुरी या बुरशीजन्य रोगासाठी गंधक वापरण्याची आपल्याकडे सवय आहे, पण गंधक परभक्षी कोळ्याला घातक ठरते. आम्ही त्याऐवजी पोटॅशियम बायकार्बोनेट वापरले, तर पांढरी माशी आणि फुलकिड्यांसाठी पिवळे व निळे चिकट सापळे दाट लावले. फुलकिड्यांचा त्रास तरीही काहीसा राहिलाच. ज्यांच्या पॉलिहाऊसमध्ये फुलकिडे ही मुख्य अडचण आहे, त्यांनी याचा आधी नीट विचार करावा.

लाँजिस्पायनोससच्याच कुळातील फायटोसियुलस परसिमिलिस हा जगप्रसिद्ध परभक्षी १९५८ साली चिलीहून आलेल्या ऑर्किडच्या रोपांबरोबर जर्मनीत अनपेक्षितपणे पोहोचला आणि तेथून युरोपातील हरितगृहांत रुळला. परंतु त्याला कडक उन्हाळा सोसत नाही. लाँजिस्पायनोसस आपल्याकडच्या हवेत मुळातच आढळणारा असल्याने आमच्यासारख्या ठिकाणी तोच अधिक योग्य वाटतो.

परसातील वांगी आणि गुलाबावर मात्र विकतचे परभक्षी सोडणे मला पटले नाही, कारण उघड्यावर ते विखुरतात. तेथे फवारणी पूर्ण थांबवल्यावर स्टेथोरस हा मोहरीएवढा काळा ढालकिडा आपणहून आला आणि त्याच्या अळ्या वांग्याच्या पानांमागे कोळी खाताना दिसल्या.

एका फवारणीच्या तुलनेत सोडणीचा खर्च जास्त आहे; संपूर्ण उन्हाळ्यातील फवारण्या, मजुरी आणि खराब फुले यांचा हिशेब मांडला, तर तो आम्हाला परवडला. येत्या हंगामात पहिली सोडणी जानेवारीतच, पश्चिमेच्या पट्ट्यापासून सुरू करणार आहोत आणि त्या बाजूला जादा शेडनेटही बांधून घेणार आहोत.